वाफेचा दंड

प्रवासातून परतून तीन दिवस झाले होते. धुतलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडला होता आणि मी घड्या घालत बसले होते. तेवढ्यात फोनवर मेसेज आला. कार्डावरून पैसे गेले होते, हॉटेलच्या नावाने.

मी मेसेज वाचला आणि पुढची घडी घालायला घेतली. वाटलं, डिपॉझिटचं काहीतरी असेल. चेक-इनच्या वेळी हॉटेलवाले भाड्यापेक्षा थोडी जास्तीची रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, हे मला माहीत होतं. अडवलेली रक्कम म्हणजे घेतलेली रक्कम नव्हे. बँक ती नुसती बाजूला काढून ठेवते. हॉटेलने मागितली तर देते, नाही मागितली तर काही दिवसांनी मोकळी करते. यादीत ती दिसते मात्र खर्च झाल्यासारखीच, आणि त्यामुळे कित्येक माणसं उगाच घाबरतात. आपण त्यातले नाही, अशी माझी समजूत.

रात्री नीट पाहिलं तेव्हा कळलं की अडवलेली रक्कम कधीच सुटली होती. ही वेगळीच होती. आम्ही खोली सोडल्यानंतर लावलेली, आणि एका रात्रीच्या भाड्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. पलीकडचा आवाज विशीतल्या मुलाचा होता, फार अदबीचा.

"मॅडम, ते खोलीत धूम्रपान केल्याबद्दलचं शुल्क आहे."

"कुणी केलं धूम्रपान?"

"आपल्या खोलीत झालंय, मॅडम."

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी आणि माझी बहात्तर वर्षांची आई.

फोन स्पीकरवर होता. आई समोरच पेपर वाचत बसली होती. मला वाटलं ती हसेल. पण तिने पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे त्यांच्या मते मी ओढली की तू?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाकडेही नव्हतं. तो म्हणाला, आमच्या नोंदीनुसार शुल्क बरोबर आहे. 'आमच्या नोंदीनुसार' हे शब्द पुढचे पाच आठवडे मी इतक्या वेळा ऐकले, की झोपेतही कुणीतरी ते अदबीने म्हणतंय असं वाटायचं.

पैशांचं दुःख होतंच, नव्हतं असं म्हणणार नाही. पण पैसे गेले तर माणूस हळहळतो आणि सोडून देतो. इथे पैशांबरोबर एक विधानही आलं होतं. तुम्ही हे केलंत, आणि आता नाही म्हणताय, म्हणजे खोटंही बोलताय. टॉवेल हरवला म्हणून पैसे लावले असते तर मी वैतागून भरले असते. इथे मात्र गप्प बसणं म्हणजे कबुली देणं होतं. आणि आईच्या वतीने कबुली द्यायचा मला काय अधिकार?

पण न केलेली गोष्ट केली नाही हे सिद्ध कसं करायचं? सिगारेट ओढली असती तर पुरावा दाखवता आला असता, थोटूक, राख, काडेपेटी. न ओढलेल्या सिगारेटचं थोटूक कुठून आणू? दोन दिवस मी याच कोड्यात अडकले होते. आम्ही दोघीही ओढत नाही, डॉक्टरांचा दाखला देऊ का, शेजाऱ्यांना विचारा, असली केविलवाणी वाक्यं लिहून खोडत होते. मग एका रात्री लक्षात आलं की मी उलट्या बाजूने लढते आहे. आरोप त्यांचा आहे. पुरावा त्यांनी द्यायचा.

मी फोन बंद केला आणि ई-मेल लिहायला घेतला. फोनवरचं बोलणं हवेत जातं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. ई-मेलमध्ये मी तक्रार केलीच नाही, चार प्रश्न विचारले. शुल्क कोणत्या पुराव्यावर लावलं? खोलीचे फोटो आहेत का, आणि ते कोणत्या वेळी काढलेले? सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याने काय नोंद केली? आणि ती खोली किती दिवस विक्रीतून बाहेर ठेवली होती?

चौथा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मावसभावाचा. दादाने आयुष्यातली अकरा वर्षं हॉटेलांच्या फ्रंट डेस्कवर काढली आहेत, त्यातली निम्मी रात्रपाळीत, दिवसभराचे हिशेब जुळवून तारीख पुढे ढकलण्याच्या कामात. त्याला हकीकत सांगितली तर तो आधी हॉटेलच्याच बाजूने बोलायला लागला.

"अगं, ओढणारे ओढतातच. खिडकीत उभे राहून, बाथरूममध्ये पंखा लावून, डिटेक्टरला शॉवर कॅप घालून. सकाळी दार उघडलं की वास थप्पड मारल्यासारखा लागतो. पडदे, गादी, गालिचा, सगळ्यात मुरतो. खोली बंद ठेवावी लागते, ओझोनचं यंत्र लावावं लागतं, मग हवा खेळू द्यावी लागते. तेवढा वेळ ती खोली विकता येत नाही. तो दंड काही उगाच आलेला नाही."

"पण आम्ही..."

"हो गं, मावशी ओढत नाही हे मला सांगू नकोस. त्यांना एवढंच विचार, खोली बंद ठेवली होती का? त्याच संध्याकाळी दुसऱ्या पाहुण्याला दिली असेल, तर सफाई कसली झाली? खोली बंद ठेवली की कॉम्प्युटरवर नोंद राहते. ती लपत नाही."

दादाचं म्हणणं खरंच होतं. धुराचे अंश भिंतींवर, कापडावर बसतात आणि नंतर बराच काळ हवेत परतत राहतात. कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांवर झालेला एक अभ्यास मी नंतर वाचला. ज्या हॉटेलांत काही खोल्यांत ओढायची मुभा होती, तिथल्या धूम्रपानबंदी असलेल्या खोल्यांतही निकोटिनचे अंश सापडले होते. म्हणजे हॉटेलांची चिंता खोटी नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की खोलीतला धूर त्या रात्रीच्या पाहुण्याचाच असेल असं नाही. तो आधीच्याचा असू शकतो, शेजारच्या खोलीतूनही येऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची सोय इथे आयतीच आहे, कारण संन्याशाचं कार्ड हाताशी असतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. फोटो नव्हते. सफाईची नोंद नव्हती. खोली किती दिवस बंद होती याबद्दल अवाक्षर नव्हतं. होता फक्त एक आलेख. खाली तासांची आडवी रेघ, तिच्यावरून निळी रेषा सरळ चाललेली, आणि मध्येच एक सुळका. रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. सुळक्याच्या टोकाला लाल ठिपका. पत्रात लिहिलं होतं की खोलीतल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने धूम्रपानाची नोंद केली आहे आणि ही नोंद अंतिम मानली जाते.

मी तो आलेख फोनवर बोटांनी मोठा करून पाहत होते. नऊ चाळीस. त्या वेळी आम्ही काय करत होतो? मी पलंगावर आडवी होते. आईला प्रवासात सर्दी झाली होती.

आणि मला ती दिसली. खुर्ची ओढून टेबलापाशी बसलेली, समोर घरून आणलेलं वाफेचं छोटं यंत्र, डोक्यावरून हॉटेलचा पांढरा टॉवेल. टॉवेलच्या कडांमधून वाफेचे लोट निघत होते आणि आतून मध्येमध्ये खोकल्याचा आवाज. पाच मिनिटांनी टॉवेल बाजूला करून लालबुंद चेहरा बाहेर आला आणि म्हणाला, "आता झोप लागेल." टेबलाच्या वर, भिंतीवर, हाताच्या पंजाएवढी एक पांढरी डबी होती. मला ती वाय-फायची वाटली होती.

या यंत्रांचं काम तसं साधं असतं. आत एक बारीक प्रकाशझोत. हवेतले कण त्याच्यासमोरून गेले की प्रकाश विखुरतो, आणि किती विखुरला यावरून कण किती हे ठरतं. पण कण धुराचा की पाण्याचा हे त्या प्रकाशाला कळत नाही. आंघोळीच्या वाफेने धुराचा अलार्म वाजतो तो यामुळेच. केसांच्या स्प्रेनेही हे होऊ शकतं. यंत्राने पाहिलं ते खरंच होतं. काहीतरी दाट, अचानक, हवेत आलं होतं. 'धूम्रपान' हा शब्द मात्र यंत्राचा नव्हता. तो माणसाने लावलेला.

इथे मी जरा घुटमळले, हे कबूल करते. वाफेची गोष्ट सांगावी की नाही? सांगितली तर, "म्हणजे सुळक्याला कारण तुम्हीच," असं म्हणायला ते मोकळे. न सांगितली तर पुरावा नाही एवढ्यावरच भांडायचं. दादा म्हणाला, सांगू नकोस, त्यांनाच धडपडू दे. आई म्हणाली, "सांग. लपवायला मी काय सिगारेट ओढली आहे?" आईचं ऐकलं.

तोवर मी चेक-इनच्या वेळी सही केलेलं रजिस्ट्रेशन कार्डही मागवून घेतलं होतं. ते पाहून माझा चेहरा उतरला. सही माझीच, झोकदार. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत बारा ओळी. सातव्या ओळीत, नियमभंग झाल्यास शुल्क माझ्या कार्डावर नंतरही लावता येईल, याला माझी संमती. दहा तासांचा प्रवास करून, एका हातात आईची पिशवी आणि दुसऱ्या हाताने ओळखपत्र शोधत असताना मी ही संमती दिली होती. हॉटेलातली सही नेहमी अशाच वेळी होते. ताज्या डोक्याने, खुर्चीत बसून रजिस्ट्रेशन कार्ड वाचणारा पाहुणा दादाने अकरा वर्षांत दोनदा पाहिला. दोघेही वकील होते.

म्हणजे 'शुल्क लावलंच कसं' हा मुद्दा माझ्या हातून गेला होता. उरला तो, 'कशाबद्दल लावलं' आणि 'किती' हा.

दंड आणि भरपाई यांतला फरक न्यायालयांना फार जुना आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये डनलॉप टायर कंपनीच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो मांडला. करारात आधी ठरवलेली रक्कम ही होऊ शकणाऱ्या नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर चालेल. नुसती जरब बसवायला फुगवलेली असेल तर नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी व्याख्याच आहे, आणि करारभंगाबद्दल ग्राहकावर नुकसानीच्या मानाने अगदीच विसंगत दंड लादणं तिच्यात बसतं. वाचून मला हुरूप आला. मग २०१५ चा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला. गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी केल्याबद्दल ८५ पौंड आकारणी झाली होती. थेट नुकसान काही नसतानाही न्यायालयाने ती योग्य ठरवली, कारण जागा मोकळ्या राहाव्यात यात पार्किंग चालवणाऱ्याचा रास्त हितसंबंध होता. हुरूप ओसरला. हॉटेलवालाही म्हणेल की खोल्या धूरमुक्त ठेवण्यात माझा हितसंबंध आहे. आणि तो चुकीचं बोलत नसेल.

पण या सगळ्या कज्ज्यांमध्ये मुळात काहीतरी घडलेलं होतं. गाडी खरोखर जास्त वेळ उभी होती. माझ्या बाबतीत घडलं काय, तर आईचं नाक मोकळं झालं.

बँकेकडे जायचा रस्ताही होता. कार्डावरच्या व्यवहाराला हरकत घ्यायची, म्हणजे चार्जबॅक मागायचा. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा बहुतेक हरकतींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. बँक हॉटेलकडे खुलासा मागते, हॉटेल सही केलेलं कार्ड आणि जे काही असेल ते पुढे करतं, आणि मग ठरतं. या निमित्ताने एक गंमत सापडली. अमेरिकेत कार्डाच्या बिलावर लेखी हरकत घ्यायचा हक्क देणारा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट १९७४ सालचा. बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत हरकत कळवायची, आणि कर्ज देणाऱ्याने जास्तीत जास्त ९० दिवसांत ती निकाली काढायची. ब्रिटनचा कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टही १९७४ चाच. त्याच्या ७५ व्या कलमामुळे १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत विकणाऱ्याइतकीच जबाबदारी क्रेडिट कार्ड देणाऱ्यावरही येते. आणि हाँगकाँगच्या हिल्टनमध्ये खोल्याखोल्यांत भरलेले छोटे फ्रीज ठेवून मिनीबारचं युग सुरू झालं, तेही म्हणे १९७४ सालीच. बिलात न मागितलेली ओळ घुसायची नवी वाट आणि ती ओळ खोडायची वाट, दोन्ही एकाच वर्षी. पुढे त्या फ्रीजमध्येही सेन्सर आले. बाटली उचलून नुसतं लेबल वाचत राहिलात तरी बिलात नोंद.

बँकेचा अर्ज भरून तयार ठेवला, पण पाठवला नाही. बँकाही विचारतात, आधी विक्रेत्याशी बोललात का? शिवाय हरकत गेली की हॉटेल वाद घालायचं सोडून बचावाला लागतं, आणि मग शहाणा माणूस फोनवर येतच नाही. मला एखादा शहाणा माणूस हवा होता. तो हॉटेलात कुठेतरी असतो, फक्त पहिल्या फोनवर नसतो.

शेवटचा ई-मेल मी व्यवस्थापकाच्या नावाने लिहिला. पहिल्या खर्ड्यात 'लाज वाटायला हवी' होतं, 'लुबाडणूक' होतं, आईच्या वयाचा उल्लेख तीनदा होता. दादाने ते सगळं काढायला लावलं. म्हणाला, "रागाचं पत्र आलं की आम्ही ते कस्टमर केअरकडे ढकलायचो. तारखा आणि वेळा असलेलं पत्र आलं की मॅनेजर स्वतः वाचायचा. कारण असं पत्र पुढे कुठेतरी जोडलं जाणार, हे त्याला कळतं."

मग राहिलं ते एवढंच. नऊ चाळीसला आईने वाफ घेतली. यंत्र अमुक. तसं यंत्र आणि तुमचा सेन्सर एका रिकाम्या खोलीत शेजारी ठेवून आलेख काढा. सुळका आला नाही तर शुल्क मला मान्य. आला तर रक्कम परत करा, आणि माझ्या नावापुढे तुमच्या नोंदीत 'धूम्रपान' असा शेरा असेल तर तोही काढा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सोबतचा बँकेचा अर्ज पाठवते आहे. खाली सही. या वेळी सगळं वाचून केलेली.

तो प्रयोग त्यांनी केला की नाही, मला कधीच कळलं नाही. केला असावा असं मला वाटतं. कुणीतरी कर्मचारी रिकाम्या खोलीत वाफेचं यंत्र लावून भिंतीवरच्या डबीकडे टक लावून बसलाय, हे चित्र मला फार आवडतं, म्हणून मी तसं मानते. बाराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळी. आपण आमच्या सन्माननीय पाहुण्या आहात, आपल्या भावना आम्ही समजू शकतो, सदिच्छेपोटी आणि विशेष बाब म्हणून ही रक्कम परत करत आहोत.

मी उड्या मारल्या. पैसे परत! आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"चुकलं असं कुठे म्हटलंय?"

"नाही म्हटलेलं."

"सदिच्छा म्हणजे? दान केलं का आपल्याला?"

"आई, त्यांची पद्धत असते तशी. चूक लिहून दिली तर उद्या सगळेच मागतील."

"मग मागू देत की."

यावर मी काय बोलणार? परताव्याचं पत्र लिहिणाऱ्या माणसाने शब्द फार तोलून वापरले होते. पैसे सोडले होते, म्हणणं सोडलं नव्हतं. शेऱ्याबद्दलच्या माझ्या ओळीला उत्तर नव्हतंच. मी पुन्हा विचारलं. 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे' असं आलं, आणि त्यानंतर काही नाही. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावापुढे अजूनही काहीतरी असेल. पुढे कधी त्या हॉटेलात गेले, तर काउंटरवरचा मुलगा पडद्याकडे पाहून क्षणभर थांबेल, मग हसून चावी देईल. नाहीच जाणार म्हणा.

दरम्यान वाचलं की अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण भाडं सुरुवातीलाच दाखवावं लागतं. फेडरल ट्रेड कमिशनचा नियम. याच आयोगाने २०१२ मध्ये बावीस हॉटेलचालकांना 'रिसॉर्ट फी', म्हणजे भाड्याव्यतिरिक्त सक्तीने घेतलेलं शुल्क, लपवल्याबद्दल ताकीद दिली होती. म्हणजे ताकिदीपासून नियमापर्यंत बारा वर्षांहून जास्त काळ गेला. माझे पाच आठवडे त्या मानाने काहीच नाहीत. अर्थात खोली सोडल्यावर येणाऱ्या असल्या दंडाला तो नियम लागत नाही. दंड काही सक्तीचा नसतो ना, तो तुम्ही कमावता.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा बाहेर गेलो, दुसरीकडे, दुसऱ्या हॉटेलात. मी रजिस्ट्रेशन कार्ड काउंटरवर उभं राहून पूर्ण वाचलं. मागे रांग खोळंबली, एका गृहस्थाने घड्याळ पाहिलं. खोलीत शिरताच मी भिंती तपासल्या, छताचे फोटो काढले. पलंगाच्या वर तशीच पांढरी डबी होती. या वेळी बहुधा खरंच वाय-फायची.

रात्री जागी झाले तर आई पलंगावर नव्हती. बाल्कनीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर काळोखात ती टॉवेल पांघरून उभी होती, यंत्र कठड्यावर ठेवलेलं, वायर दाराच्या फटीतून आत आलेली. दर थोड्या वेळाने टॉवेल बाजूला करून ती तोंडाने वाफ बाहेर सोडायची आणि भराभर हाताने पांगवायची. मग मागे वळून खोलीकडे पाहायची, कुणी बघत तर नाही ना.

"आई, आत ये. थंडी आहे."

"थांब," ती कुजबुजली. "दोन मिनिटं. आणि ते दार लाव आधी."